जुन्या बिलिंग सिस्टीमच्या डेटाबेसला नवीन वेब अ‍ॅप थेट जोडलं तर चालेल का? एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमला जोडायची तयार सोय) नाही आणि मूळ प्रोग्रॅमरही सोडून गेलेत.

वाचायला खुशाल जोडा. लिहायला नको.

नियम टेबलांत नसतात, जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात असतात. हे मी मार खाऊन शिकलो. आम्ही नवीन अ‍ॅपमधून बिलाच्या टेबलात सरळ इन्सर्ट मारत होतो, म्हणजे नवीन ओळी घालत होतो. बिल नंबर कसा काढायचा? टेबलातला सगळ्यात मोठा नंबर अधिक १. टेस्टिंगला झकास चाललं. लाइव्ह गेल्यावर जुन्या स्क्रीनवर बिलं सेव्ह होईनात, प्रायमरी कीची एरर, म्हणजे हा नंबर टेबलात आधीच आहे. जुना प्रोग्रॅम पुढचा नंबर एका वेगळ्या, एकाच ओळीच्या टेबलातून उचलायचा आणि ती ओळ आम्ही पुढे सरकवलीच नव्हती. आम्ही वापरलेलेच नंबर तो पुन्हा द्यायला जायचा. चूक आमची, एरर त्यांच्या स्क्रीनवर. दोन दिवस सगळे जुन्या सिस्टीमलाच शिव्या घालत होते.

हायबरनेटसारखं (जावा कोड टेबलांशी जोडणारं) काही वापरत असाल तर व्हर्जन कॉलमच्या, म्हणजे ओळ बदलली की वाढणाऱ्या आकड्याच्या, भरवशावर राहू नका. जुना प्रोग्रॅम ओळ बदलतो, पण व्हर्जन वाढवत नाही. तुमच्या अ‍ॅपला वाटतं, ओळीला कुणी हात लावलेला नाही, आणि ते त्याचा बदल बिनदिक्कत पुसून टाकतं. एररसुद्धा येत नाही. सेकंड लेव्हल कॅश (वाचलेल्या ओळी अ‍ॅपकडेच साठवून ठेवणं) तर बंदच ठेवा, जुन्या प्रोग्रॅमचे बदल तिला कळत नाहीत.

वाचण्यासाठी मूळ टेबलांना हात न लावता व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) बनवा. आठ आकडी नंबरात ठेवलेल्या तारखा, 'मुदत नाही' म्हणून भरलेलं ९९९९९९९९, ठराविक लांबीच्या कॅर कॉलममधल्या शेपटाच्या स्पेस, ही सगळी घाण व्ह्यूमध्येच निस्तरा. मोठे रिपोर्ट शक्यतो रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या वेगळ्या प्रतीवर, चालवा.

लिहायचंच असेल तर आधी जुन्या सिस्टीममध्ये फाइल इम्पोर्टची सोय आहे का बघा. बऱ्याचदा असते, फक्त कुणाच्या लक्षात नसते. नसेल तर आवक टेबल करा: नवीन अ‍ॅप त्यात नोंद टाकेल आणि जुन्या बाजूचा जॉब (आपोआप चालणारं काम) ती उचलून जुन्याच प्रोसीजरमधून, म्हणजे जुने नियम असलेल्या कोडमधून, आत घेईल. चुकलेल्या नोंदीपुढे कारण लिहायला एक कॉलम ठेवा. जुन्या कोडला हात लावणारं कुणीच नसेल, तर मात्र मी लिहिण्याचं काम अंगावर घेणार नाही.

आणि नवीन अ‍ॅपला डेटाबेसचा वेगळा युजर द्या: व्ह्यूंवर सिलेक्ट (वाचण्याची परवानगी), आवक टेबलावर सिलेक्ट आणि इन्सर्ट, बाकी काही नाही.