सात वर्षांच्या मुलीला पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत घालावं की नेहमीच्या शाळेत?

नेहमीच्याच शाळेत घाला. या वयात पूर्णवेळ ऑनलाइन शाळा वर्गाची जागा घेत नाही. सगळ्यात बोलका पुरावा नेदरलँड्सचा आहे. २०२० मध्ये कोविडमुळे तिथल्या प्राथमिक शाळा साधारण ८ आठवडे बंद होत्या आणि मुलं घरून ऑनलाइन शिकत होती. घरोघरी वेगवान इंटरनेट असलेला देश, तरीही नंतरच्या चाचण्यांत मुलांचं नुकसान शालेय वर्षाच्या सुमारे एक पंचमांश भरलं, म्हणजे शाळा जितकी बंद होती जवळपास तितकंच. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं तर त्याहून जास्त. कारण उघड आहे: लहान मूल पडद्यासमोर आपणहून टिकत नाही, शेजारी मोठं माणूस बसावं लागतं, आणि मग खरी शिकवणी तेच घेतं. पेन्सिल कशी धरलीय, ‘समजलं’ म्हणताना चेहरा काय सांगतोय, हे वर्गात बाईंना दिसतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत बहुतेक वेळा निसटतं. मधल्या सुट्टीतली भांडणं आणि समेट हाही अभ्यासच (याचं ॲप अजून तरी निघालेलं नाही).

मात्र तिथलं ते ऑनलाइन शिक्षण ही आणीबाणीतली घाईची सोय होती. नीट आखलेली ऑनलाइन शाळा वेगळी. दीर्घ आजारपण किंवा पालकांच्या सततच्या बदल्या असतील तर तिचा विचार करा, पण आधी हे विचारून घ्या:

- रोज थेट तास किती आणि एका तासाला मुलं किती?
- वही कोण तपासतं?
- पुढे नेहमीच्या शाळेत जाताना तिथला दाखला चालतो का?