नाशिकहून थंडीत शनिवार-रविवार दमणला जावं का? तिथे समुद्र नसतो, नुसता चिखल असतो म्हणतात. हॉटेल कोणतं बरं?

चिखल असतो असं ज्यांनी सांगितलं, ते पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेले असणार. आमचे दाजीही हेच सांगत फिरतात, आणि तेही पौर्णिमेलाच गेले होते. म्हणून हॉटेलचं नंतर. आधी चिखलाचा निकाल लावू.

दमण खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. आखात उत्तरेकडे चिंचोळं होत जातं आणि भरतीचं पाणी नरसाळ्यात शिरल्यासारखं चढतं. रत्नागिरी-मालवणला उधाणाच्या दिवशी पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं, तेच दमणला पाच मीटरच्या घरात जातं. त्यात किनारा सपाट. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तर पाच मीटर पाणी उतरलं की समुद्र अर्धा किलोमीटर मागे सरकतो. मधे उरतो तो तुमचा चिखल. सहा तासांनी त्याच जागी पोहता येतं.

आता हे कधी होणार ते कळायला कोकणातला जुना हिशोब पुरतो. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, षष्ठीला ४.३०, अष्टमीला ६, एकादशीला ८.१५, पौर्णिमेला ११.१५. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्या म्हणजे पंधरा. दुसरी भरती १२ तास २५ मिनिटांनी, आणि दोन भरत्यांच्या बरोब्बर मधे ओहोटी. हा हिशोब मुंबई-कोकणचा. दमण आखाताच्या बाजूला असल्याने तिथे भरती उशिरा पोचते, सुमारे तासभर वाढवून धरा. कॅलेंडरवर तिथी किती वाजता संपते ते छापलेलं असतं, त्यावरून दुपारी चालू असलेली तिथी घ्यायची.

या हिशोबातून निघणारी गोष्ट अशी, की तिथी आणि घड्याळ यांची गाठ पक्की आहे. कोणत्याही महिन्यातली पौर्णिमा घ्या, दमणला भरती दुपारी साडेबारा-एकला आणि ओहोटी संध्याकाळी साडेसहा-सातला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य ६ ते ६.२० च्या दरम्यान बुडतो. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आणि समुद्रावरचा सूर्यास्त एकाच संध्याकाळी बघायला गेलेल्या माणसाला ओला गाळच दिसणार, दरवर्षी, न चुकता. फोटोला तो छान दिसतो, आरशासारखा. पोरांना पाण्यात खेळवायचं असेल तर उपयोग शून्य.

षष्ठी ते अष्टमी असलेला शनिवार शोधा, शुक्ल किंवा कृष्ण कुठलाही पक्ष चालेल. तेव्हा साडेपाच ते सातमधे पाणी काठाला लागलेलं असतं, सूर्य त्यावर बुडतो. शिवाय हे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार मागे जात नाही, ओढही कमी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुसरा मुहूर्त बघूच नका. आपण नाशिककर वास्तुशांतीपासून साखरपुड्यापर्यंत सगळ्याला पंचांग उघडतो. ज्या एका गोष्टीवर तिथीचा खरोखर जोर चालतो, तिला मात्र शनिवारची सुट्टी आणि हॉटेलची ऑफर बघून निघतो.

दाजींचं काय झालं ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. दत्तजयंतीला जोडून सुट्टी आली होती. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. संध्याकाळी सहाला दमणच्या जांपोर किनाऱ्यावर पोचले, वाळू कडक दिसली, इतर दोन-चार गाड्यांच्या खुणा दिसल्या, म्हणून गाडी खाली घेतली. मग वर सुरूच्या झाडांकडे जेवायला. दहाच्या सुमारास बघतात तर चाकं पाण्यात. गेली काही वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ते "पाणी अचानक आलं हो" असं सांगतात.

अचानक काही येत नाही. भरती बारा भागांत चढते असं धरा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. ओहोटी सातला असेल तर नऊपर्यंत तीनच भाग चढतात, आणि माणूस म्हणतो पाणी अजून लांब आहे. नऊ ते अकरा या दोन तासांत सहा भाग, म्हणजे अर्धी भरती. पाच मीटरचा हिशोब धरला तर अडीच मीटर उभं, सपाट किनाऱ्यावर अडीचशे मीटर आडवं. मिनिटाला दोन मीटर. बोंबील मागवून बिल येईपर्यंतचा वेळ बरोब्बर याच दोन तासांत जातो.

रुतलेली गाडी काढताना सगळे करतात ती चूक दाजींनीही केली: चौघांनी मागून ढकललं आणि दाजींनी एक्सिलरेटर दाबला. चाक फिरतं, वाळू मागे फेकतं, गाडी पोटावर बसते. पोट टेकलं की चाकांवर वजनच राहत नाही, मग ढकलून काही होत नाही. आधी हवा कमी करायची, ३२ वरून १६-१८ पर्यंत. टायर पसरतो, वाळूवरचा दाब घटतो. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढायची, पायपुसणी चाकाखाली सारायची आणि आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्समधे, एक्सिलरेटर जेमतेम लावून मागे यायचं, कारण ती वाळू एकदा दाबली गेलेली असते. ट्रॅक्टर बोलावला तर दोर टो-हुकलाच बांधा, बंपरला बांधलात तर बंपर ट्रॅक्टरबरोबर जाईल. पाणी दाराच्या उंबऱ्यावर चढलं असेल तर इंजिन सुरू करून बघायचंच नाही. सिलिंडरमधे पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च पाचपट होतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, गाडी ओढून न्या. वाचलीच तर त्याच रात्री गोड्या पाण्याने खालून धुवा, ब्रेकसकट. नाशिकला आल्यावर धुऊ म्हणालात तर तोवर मिठाने काम सुरू केलेलं असतं.

या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे गाडी रस्त्यावर ठेवा. वाळू दोनशे पावलं चालायला बरी असते.

रस्ता. पेठ नाक्यावरून पेठ, कपराडा, वापी, दमण. दीडशे किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा. मुंबईमार्गे जाणारे लोक अजून भेटतात, त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडलं आहे. सकाळी सहाला निघा. सावळघाट आणि कोटंबी घाट येईपर्यंत फटफटलेलं असतं. थंडीत घाटात धुकं असतं, पाचला निघून काही मिळत नाही. रात्री या रस्त्याला भाजीपाल्याचे ट्रक गुजरातकडे उतरतात, त्यांच्या मागे घाटात अडकलात की संपलं. कपराड्याजवळ कुंभघाट आहे. तिथे उतारावर दुसरा गिअर टाकून इंजिनवर गाडी आवरा, सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून पकड सोडतो. पेट्रोल नाशिकला भरू नका, गरजेपुरतं ठेवा आणि गुजरातची हद्द ओलांडल्यावर भरा, पलीकडे स्वस्त पडतं.

"मिसळ खाऊन निघू" हा प्रस्ताव घरात येईल. हाणून पाडा. मिसळ खाऊन निघणारं कुटुंब नऊच्या आत पेठ नाका ओलांडत नाही. दमणला एकला पोचतं, खोली आवरून बाहेर पडायला चार, आणि शनिवार संपला.

गाडी नसेल तर पेठमार्गे वापी-वलसाडकडे जाणाऱ्या बस आहेत, वापी स्टेशनवरून दमण रिक्षाने दहा-बारा किलोमीटर. रेल्वेचा विचार करू नका, कल्याण-वसईचा वळसा घालून दिवस जातो.

थंडीत जायचं कारण साधं आहे. निफाडला पारा सहा-सातवर आला की दमणला पहाटे पंधरा-सोळा आणि दुपारी अठ्ठावीस-तीस असतो. स्वेटर फक्त घाटापुरता. मे महिन्यात त्याच वाळूवर पाय ठेवता येत नाही.

नानी दमणचा देवका किनारा खडकाळ आहे, पोहायला नाही. २०२३ साली तिथे साडेपाच किलोमीटरचा समुद्रपथ झाला, चालायला उत्तम, आणि भरतीला पाणी खाली आपटतं ते बघायला बरं वाटतं. पाण्यात उतरायचं तर मोटी दमणच्या दक्षिणेला जांपोर. काळसर वाळू, मंद उतार, मागे सुरूची रांग.

भरतीची वेळ दुपारची नसेल तेव्हा दुपार मोटी दमणच्या किल्ल्यात घालवा. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतलं, १९ डिसेंबर १९६१ ला ते गेलं. बुरुजांच्या आत सरकारी कचेऱ्या, मोठाली झाडं आणि १६०३ चं बों जेझूस चर्च. लाकडी कोरीवकाम बघायला आत जा, रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर ती संपू द्या. समोर नदीपलीकडे नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला, तो लहान, अर्ध्या तासाचा. मधली नदी दमणगंगा, आणि ती आपल्या दिंडोरी तालुक्यातून निघते. आपल्याला वाटतं जिल्ह्यातलं सगळं पाणी गोदावरीलाच मिळतं. हे पाणी उलट्या दिशेने तुमच्या आधी दमणला पोचलेलं असतं.

मासळीलाही तिथीच लागते. नदीच्या मुखाशी ओहोटीला पाणी उथळ होतं, होड्या भरतीवर आत येतात. तेव्हा ताजा माल हवा तर सकाळच्या भरतीनंतरचा तास-दोन तास धरा, हॉटेलवाल्याला "बाजार किती वाजता" असं विचारून उपयोग नाही. थंडीत बोंबील चांगला मिळतो, तिकडे त्याला बुमला म्हणतात. नाशिकला ओला बोंबील आणण्याच्या भानगडीत पडू नका, नव्वद टक्के पाणीच असतं त्यात, घरी पोचेपर्यंत लगदा. सुका आणा. पापलेट-सुरमई आणायची असेल तर तिथेच साफ करून घ्या, जाड पिशवीत बांधा, थर्माकोलच्या पेटीत तळाला दोन इंच चुरा बर्फ, मग मासे, मग पुन्हा बर्फ, वजनाला वजन. लादीचे मोठे तुकडे टाकले तर मधे हवा राहते आणि मासा नीट थंड होत नाही. पेटीला खाली भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात भिजलेला मासा लवकर खराब होतो. भोकाखाली घमेलं ठेवा, नाहीतर डिकीचा वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही.

दोन दिवस पुरतात का, तर पुरतात. रविवारी दुपारी दोनला निघा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो.

हॉटेलचं नाव सांगणार नाही, वर्षभरात मालक बदलतो आणि शिव्या मला बसतात. एवढंच बघा की हॉटेल दमणमधे असावं, वापीत नको. वापीत खोली स्वस्त मिळते म्हणून लोक फसतात. वापी गुजरातेत, तिथे दारूबंदी. दमणला दोन पेग घेऊन झोपायला वापीला निघालात तर नाक्यावर तोंडाचा वास घेतात. परतीच्या वाटेवरही गुजरात लागतंच, तेव्हा गाडीत बाटली नको, अगदी अर्धीसुद्धा. एमएच १५ ची पाटी आणि मागे दमणचा रस्ता, गाडी थांबवायला एवढं पुरेसं असतं. शनिवारी सुरत, वापी, मुंबई सगळीकडची माणसं दमणला येतात, दर वाढतात. गुरुवार-शुक्रवारची रजा मिळत असेल तर तेव्हाच जा. ३१ डिसेंबर आणि उत्तरायणाचे दोन दिवस टाळा, आणि १४ जानेवारीला गुजरातेतून दुचाकीवर अजिबात जाऊ नका, मांजा गळ्याला लागतो.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नदीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका, वापीच्या कारखान्यांचं पाणी त्याच नदीने येतं. आणि पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी फोनवर दमणचं भरतीचं वेळापत्रक बघून घ्या. ते त्या पौर्णिमेलाही फोनवर होतंच, दाजी.