वाईट आठवड्याचा तक्ता

प्रिय मित्रा,

वयाने तू माझ्या धाकट्या मुलाएवढा, पण टेकडीवर वय कोण विचारतं, म्हणून मित्रा.

तुझा चोवीस आठवड्यांचा तक्ता नीट वाचला. गोव्याची हाफ आयर्नमॅन म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, आणि त्याच पायांनी २१.१ किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. त्या हिशेबाने कागदावर तक्ता चोख आहे. सोमवार-गुरुवार पोहणं, मंगळवारी इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, असं आलटून पालटून), बुधवारी ट्रेनर (सायकल अडकवून घरातच चालवायचा स्टँड), शनिवारी लांब सायकल, रविवारी लाँग रन. आठवड्याला बारा तास. त्यात मला फक्त तुझी मुलगी कुठे सापडली नाही. ती तीन वर्षांची आहे आणि पाळणाघरात जाते, म्हणजे पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी सर्दी-ताप घरी आणणार. तुझं ऑफिस हिंजवडीत, घर कोथरूडला. बायकोचीही नोकरी आहे. कामवाल्या मावशी कधी सांगून तर कधी न सांगता सुट्टी घेतात. यातलं काहीच तक्त्यात नाही. हा तक्ता एका अविवाहित माणसाचा आहे, आणि त्याला चांदणी चौकही ओलांडावा लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: तक्ता चांगल्या आठवड्यावर बेतू नकोस, वाईट आठवड्यावर बेत. ज्या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मुलीला ताप आहे आणि मावशी गावाला गेल्यात, त्या आठवड्यात घरात भांडण न होता तुला किती तास मिळतील? प्रामाणिकपणे मोज. माझ्या अंदाजाने चार, फार तर साडेचार. तोच तुझा खरा तक्ता. बाकीचे तास मिळतील तेव्हा घ्यायचे, पण त्यांच्यावर हक्क सांगायचा नाही. बारा तासांचा तक्ता करून सात तास साधणारा माणूस सहा महिने स्वतःला नापास करत राहतो आणि त्याची चिडचिड घरच्यांवर निघते. चार तासांचा करून सात साधणारा खुशीत असतो. तास दोघांचेही तेवढेच.

चार तासांत काय होणार, असं तू विचारशील. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं कसून सायकलचा आणि धावण्याचा सराव करून घेतला. मग दिवस कमी केले, कुणाचे चार, कुणाचे दोनच, पण जोर तोच ठेवला. पंधरा आठवड्यांनी मोजलं तर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जवळपास तशीच टिकली होती. पुढे त्यांनी जोर कमी करून पाहिला तेव्हा मात्र ती घसरली. याचा अर्थ थोडं करून क्षमता वाढते असा नाही. मिळवलेलं टिकवायला थोडं पुरतं, आणि त्या थोड्यातलं जोराचं काम सोडायचं नसतं, एवढाच आहे. आपण नेमकं उलटं करतो. वेळ कमी पडला की इंटरव्हल गाळतो आणि 'निदान दहा किलोमीटर तरी झाले' म्हणून मध्यम गतीने ओढत राहतो. ना धड सोपं, ना धड कठीण.

म्हणून वाईट आठवड्यात चारच कामं. एक जोराचं, पाऊण तासाचं: वेताळ टेकडीच्या चढावर, किंवा घरी ट्रेनरवर. (पहाटे पाचला ट्रेनर लावणार असशील तर खाली जाड मॅट टाक, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनाही झोप असते.) एक लांब, दोन तासांचं, इतकं सावकाश की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. एकदा पोहणं. आणि घरातच वीस-वीस मिनिटांचा दोनदा ताकदीचा व्यायाम: एका पायावर टाचा उचलणं, स्क्वॉट, प्लँक. तो मुलीसमोरच कर. ती पाठीवर चढून बसेल, मग वेगळं वजन विकत घ्यायला नको. परदेशी व्हिडिओंत बाबागाडी ढकलत धावणारे बाप दिसतात, ते मात्र विसर. आपल्या फुटपाथवर बाबागाडी दहा पावलं सरळ जात नाही. फार तर विद्यापीठाच्या आवारात जमेल.

जपानच्या युकी कावाउचीचं उदाहरण तुमच्या ग्रुपवर फिरतच असेल. सैतामा प्रांतात सरकारी नोकरी करणारा, शाळेच्या कचेरीतला हा कर्मचारी २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकला, गारठ्यात, पावसात, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत. नोकरीमुळे तो दिवसातून एकदाच सराव करायचा, त्यातला बराचसा सावकाश, आणि आठवड्यातून मोजकाच जोरात. घेण्यासारखं आहे ते हे. पण फॉरवर्ड करताना एक सांगायचं राहून जातं: तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं.

आता झोप. साडेचारचा गजर तुला शौर्य वाटतो, मला उधारी वाटते. रात्री साडेदहापर्यंत अमेरिकेचा कॉल, मग जेवण, अकरा-साडेअकराला पाठ टेकणार आणि साडेचारला उठणार. पाच तास. त्यात मुलगी एकदा रडत उठली की साडेचार. सराव करताना शरीर झिजतं, ते बांधलं जातं झोपेत. शिवाय हृदय-फुफ्फुसं लवकर तयार होतात, स्नायू त्यांच्या मागोमाग, पण कंडरा आणि हाडांना महिने लागतात. दम पुरतोय म्हणून अंतर वाढवत जाशील, आणि पोटरीखालची कंडरा किंवा नडगी नेमकी सप्टेंबरमध्ये बोलू लागेल. तेव्हा एक नियम कर: रात्री दहानंतर कॉल असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर नाही. त्या दिवशी दुपारी ऑफिसच्या जिममध्ये अर्धा तास मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर नाही. राहिलेला सराव रविवारी भरून काढायचा नाही. राहिला तो राहिला.

मुलीचा ताप तुझ्यापर्यंत येणारच. नाक गळतंय एवढंच असेल तर हलकं धावायला हरकत नाही. अंगात ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर पूर्ण बंद. तापात जोर केल्याने क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि त्या क्वचितात आपण नसावं. पुण्यात पावसाळा म्हणजे डेंग्यूही आलाच. झाला, तर प्लेटलेट वाढल्या म्हणून चौथ्या दिवशी टेकडीवर दिसू नकोस. डॉक्टर हो म्हणेपर्यंत चालणंसुद्धा पुष्कळ.

ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतलं ती आता. तक्त्यात शनिवारची सायकल पाच तासांची आहे. पहाटे पाचला निघून मुळशी रोडने जाणार, दहाला येणार. मग आंघोळ, पोहे, सायकल पुसणं, स्ट्राव्हा अ‍ॅपवर आकडे, ग्रुपवर फोटो. मग बारा ते दोन गाढ झोप, कारण ती येतेच. म्हणजे पाच नव्हे, नऊ तास गेले. आदल्या रात्री 'मला लवकर झोपायचंय' म्हणून मुलीला झोपवायचं काम कुणाच्या अंगावर पडलं, ते मी धरतच नाही. हा तक्ता तू बायकोला दाखवलास का? 'तिचा फुल सपोर्ट आहे' असं लिहिलंयस. सपोर्ट म्हणजे तिला विचारलं गेलं, की कळवलं गेलं?

आमच्या वेळी बाई धावायला निघाली की आधी घरातल्या सगळ्यांचे डबे करून निघायची. मीही तशीच निघायचे, मग परत येऊन बँक गाठायचे. पुरुष बूट बांधून निघत. हा फरक अजून पुरता गेलेला नाही. पहाटे साडेपाचला टेकडीवर तरुण बाप किती आणि तरुण आया किती, ते एकदा मोजून बघ.

तर असं कर. नऊ तास घेतलेस तर नऊ तास बायकोला मोकळे दे. मोकळे म्हणजे मुलगी तुझ्याकडे, आणि 'तिचं औषध कुठाय', 'खिचडीत हिंग घालू का' असे फोन करायचे नाहीत. त्या वेळात तिने मैत्रिणींकडे जावं, डेक्कनला पुस्तकं चाळत बसावं किंवा दार लावून झोपावं, तो तिचा प्रश्न. तिनेही धावावं असा आग्रह तर अजिबात धरू नकोस. नवऱ्याच्या छंदात सामील होणं म्हणजे विश्रांती, हा समज मी पुष्कळ घरांत पाहिला आहे आणि तो खोटा आहे. आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव पूर्ण बंद. महिन्यातून एकदा जास्तीची विश्रांती मिळाली म्हणून कुणाची रेस बुडत नाही.

पुण्याचं वेळापत्रकही तक्त्यात धर. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते, म्हणजे तुझा सगळ्यात जड सराव पावसात आणि गणपतीत येतो. ओल्या रस्त्यावर, पाणी भरलेल्या खड्ड्यांतून पहाटेच्या अंधारात लांब सायकल करण्यात बहादुरी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सायकल ट्रेनरवर चालव, पाय चढावर तयार कर. आतकरवाडीतून सिंहगड एकदा चढून उतरलास की पायांना पुष्कळ मिळतं, आणि नऊच्या आत घरी येता येतं. उतारावर दगड शेवाळलेले असतात, तिथे घाई नको. उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा सायकलवर ऑफिसला जा. हायवेच्या सर्व्हिस रोडने नव्हे, सूस-नांदे-माणच्या बाजूने, आणि अंधार पडायच्या आत परत. जाण्यायेण्याचा वेळ तसाही कारमध्ये जाणारच होता. घरच्यांच्या वाट्यातून न घेतलेला तुझा हा एकच सराव.

पोहण्याचं थोडक्यात. तलावात तळाची रेघ दिसते, मिरामारच्या समुद्रात दिसत नाही, लाटेने दिशा चुकते. दर आठ-दहा हातांनंतर मान वर काढून समोर बघायची सवय आतापासून लाव. आणि उघड्या पाण्याचा सराव म्हणून खडकवासल्यात उतरायचं नाही, कुणीही बोलावलं तरी. त्यापेक्षा स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी गोव्यात पोहोच आणि तिथे सगळ्यांबरोबर समुद्रात उतर.

पूर्ण आयर्नमॅनचं विचारलंस. १८० किलोमीटर सायकलचा सराव करायला लागणारे शनिवार सध्या तुझ्याकडे नाहीत. मुलगी शाळेत रुळू दे, मग बघू. दमाच्या खेळात चाळिशीतही लोक सुधारत असतात, तुला घाई कसली?

राहता राहिला गोव्याचा प्रवास. घरच्यांना नेणार म्हणतोस. स्पर्धेआधीचे दोन दिवस तू निरुपयोगी सोबती असशील: उन्हात यायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, रात्री नऊला दिवे बंद. त्याला सहल म्हणू नकोस. सासूबाई येऊ शकत असतील तर त्यांना विचार, नाहीतर तू मित्रांबरोबर पुढे हो आणि दोघींना आदल्या दिवशी बोलाव. परतीची तिकिटं स्पर्धेनंतर चार दिवसांनीची काढ, सुट्टी आत्ताच मंजूर करून घे, आणि हॉटेल बायकोला निवडू दे.

आशीर्वाद.

तुझी,
काकू