क्युसेक म्हणजे कितवी पायरी?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सिंहगड रस्त्याच्या तुमच्या पट्ट्यासाठी रोजचं बातमीपत्र काढायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली आणि त्या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. पाणी का आलं नाही, हे पूर्वी सरपंचाला रस्त्यात गाठून विचारता यायचं. मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार होता, म्हणजे जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. मोठ्या दैनिकांच्या शहर पानावर किरकटवाडीसारख्या गावाला रोज जागा कुठून मिळणार?

कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे एका भागापुरत्या छोट्या रेडिओ केंद्राचं विचारलंस. तो परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत सेवाभावी संस्था लागते. आपल्या पुणे विद्यापीठाचं 107.4 एफएमवरचं विद्यावाणी त्यातलंच. शिवाय स्वतः गोळा केलेल्या बातम्या तिथे देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, पाणी, वीज, आपत्तीच्या सूचना चालतात, कारण नियमाच्या लेखी त्या बातम्याच नाहीत! मला हे कधीच पटलेलं नाही. ज्या घरात साठवणीची टाकी नाही, तिथे ‘गुरुवारी पाणी बंद’ याहून मोठी बातमी कोणती? तू मोबाइलवरूनच सुरू कर, आणि पहिली बातमी हीच असू दे.

आता मुख्य गोष्ट. 25 जुलै 2024 ला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते तू जवळून पाहिलंस. खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेक विसर्ग, असं सगळे सांगत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभरेक टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होताहेत. आकडा असा फोडून सांगितला की लोक दचकतात, पण गाडी काढायची की नाही हे त्यांना तेवढ्याने कळत नाही. त्यांना एवढंच हवं असतं की पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागेल.

हे कुठलंच सरकारी पत्रक सांगणार नाही. त्यासाठी एक वही घाल. नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीत जा, वॉचमनला भेट, भिंतीवरचा पाण्याचा डाग दाखवायला सांग. तारीख, वेळ, विसर्ग, पाणी कोणत्या गेटातून आलं, कुठवर चढलं, सगळं लिही. त्या दिवशीचा पाऊसही लिही, कारण धरणाच्या खाली ओढ्यांचं पाणी वेगळं मिळतं आणि तोच विसर्ग दर वेळी सारखा चढत नाही. दोन पावसाळ्यांत ही वही अशी होईल की जलसंपदा विभागाचा मेसेज आल्याबरोबर तू सांगू शकशील, ‘मागे एवढ्या विसर्गाला मागच्या गेटातून पाणी आलं होतं, गाड्या आत्ताच वर घ्या.’ मात्र अंदाज असेल तर अंदाज आहे असंच म्हण. आणि रात्री दोनला सांगायची वेळ आली तर रात्री दोनला सांग.

पैशाचं थोडक्यात. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती येतील. घे, पण त्यावर ‘जाहिरात’ असं ठळक लिही. प्रेसनोटबरोबर पाकीट आलं तर पहिल्याच वेळी परत कर. दुसऱ्यांदा कोणी आणणार नाही.

पाठपुरावा मात्र सोडू नकोस. ‘रस्ता खोदला’ हे सगळेच दाखवतात, तो बुजवला का हे बघायला सहसा कोणी परत येत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याआधी सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिकेत फायली बघण्याची सोय अजून चालू आहे का ते विचार, असेल तर वापर. पुण्याने सुरू केलेली ही पद्धत 2018 मध्ये सरकारने राज्यभर लागू केली, तरी तिथे जाणारे फार थोडेच होते.

येत्या सोमवारी मी तुझ्याबरोबर येतो. पावणेतीनला महापालिकेच्या दारात भेट. तुमच्याकडच्या ड्रेनेजच्या कामाचा फलक लावला असेल तर त्याचा फोटो काढून आण. ठेकेदार आणि मुदत त्यावर असायला हवी. फलकच नसेल, तर मोकळ्या जागेचा फोटो आण.

तुझा,
काका