मार्च लागला की ओट्यावर मुंग्यांची रांग. घरात रांगतं बाळ असताना काय करावं?

तुम्ही लिहिलंय की होळीनंतर ओट्यावर बारीक मुंग्या सुरू झाल्या. खडू ओढला, स्प्रे मारला, दोन दिवस बरं गेलं आणि मग रांग भलत्याच कोपऱ्यातून निघाली. बाळ रांगतंय म्हणून औषधाची धास्ती वाटते. ती धास्ती अगदी रास्त आहे. माझं पहिलं सांगणं हेच, की स्प्रे आजपासून बंद करा. बाळासाठी तर कराच, पण मुंग्या जाव्यात म्हणूनही करा.

ओट्यावर दिसतात त्या फक्त बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या सगळं आत असतं: टाइल्सच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कधी थेट स्विचबोर्डात. फ्लॅटमध्ये त्रास देणाऱ्या बारीक जातींच्या वारुळात एक नाही, अनेक राण्या असतात. स्प्रेने घाला घातला की उरलेल्या कामकरी मुंग्या एखादी राणी आणि थोड्या अळ्या घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. एका वारुळाची दोन होतात. तुमची रांग ‘भलत्याच कोपऱ्यातून’ निघाली ती बहुधा यामुळेच.

आधी मुंगी नीट बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम केलं तरी पुरतं. जेमतेम दोन मिलिमीटरची, पिवळसर तांबूस असेल तर ती फेरो मुंगी. डोकं काळपट आणि पोट इतकं फिकट की पांढऱ्या टाइलवर दिसतच नाही, अशी त्याहूनही बारीक असेल तर ती घोस्ट मुंगी. या दोघींवर स्प्रे हमखास उलटतो. काळपट, लांब पायांची, रांग सोडून सैरावैरा धावणारी तिसरी जात असते. ती चावत नाही, पण संख्येने फार असते.

आता याच दिवसांत का? थंडीत मुंग्या मंदावतात. फाल्गुन-चैत्रात ऊन तापलं की वारुळात अंडी-अळ्या वाढतात आणि तितकी तोंडं भरायची असतात. बाहेर जमीन कोरडी पडते, म्हणून पाण्यासाठीही त्या आत येतात. सिंकची कड, माठाखालची ओल, ओलं फडकं इथे त्या साखर नसतानाही जमतात, त्याचं कारण हेच. त्यात आपल्याकडे पाडवा. गुढीला बांधलेली साखरेची गाठी दुपारपर्यंत मुंग्यांनी भरते आणि गुढी उतरवल्यावर तीच गाठी घरात येते. ती लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात घाला.

बाल्कनीतली जास्वंद मात्र जरूर तपासा. बऱ्याच जणांच्या मुंग्यांचं मूळ तिथे सापडतं. कोवळ्या शेंड्याशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि पिठ्याला त्याच्या शत्रूंपासून राखतातही. शेंडा उलटा करून पाहिलात तर पांढऱ्या ठिपक्यांमध्ये मुंग्या ये-जा करताना स्पष्ट दिसतील. तो शेंडा छाटून पिशवीत बांधून टाका. बाकी झाडावर पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. हे केल्याशिवाय स्वयंपाकघरातला उपाय अर्धाच राहील.

आता मुख्य उपाय. मुंगी मारायची नाही, तिच्याच हातून विष आत पोचवायचं. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. ती पातळ गोड पोटात साठवते आणि आत जाऊन राणीला, अळ्यांना, बाकीच्यांना तोंडाने भरवते. म्हणून विष असं हवं, की भरवून होईपर्यंत ती जिवंत राहिली पाहिजे. बोरिक पावडर नेमकी तशी आहे, पण कमी प्रमाणात. 100 मिलिलिटर कोमट पाणी, 10 ग्रॅम साखर (साधारण दोन चहाचे चमचे) आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे पाव चमचा सपाट. ‘जरा जास्त टाकू, लवकर मरतील’ असं करू नका. जास्त टाकलं तर मुंगी तोंड लावत नाही किंवा वाटेतच मरते, आणि राणी सुखरूप राहते. पावडर औषधाच्या दुकानातून घ्या. कॅरमच्या नावाने मिळणारी प्रत्येक पावडर बोरिकचीच असते असं नाही.

हे पोटात गेलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून उघड्या वाटीत ठेवायचं नाही. औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, आधीचं लेबल काढा, झाकणाजवळ तापल्या सुईने तीन-चार भोकं पाडा, आत या मिश्रणात भिजवलेला कापूस घाला, झाकण घट्ट लावा आणि वर ‘विष’ असं ठळक लिहा. ती रांगेच्या वाटेवर, पण उंचावर ठेवा: ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात किंवा वरच्या कपाटाच्या माथ्यावर, खाण्याच्या भांड्यांपासून लांब. झुरळांसाठी कणकेत बोरिक मळून गोळ्या ठेवायची पद्धत घरोघरी आहे. रांगत्या बाळाच्या घरात ती नकोच. खडूही नको. दिसायला तो शाळेतल्या खडूसारखाच, आणि ओढलेली रेघ बाळाच्या हाताला लागून तोंडात जाते.

पहिल्या दिवशी बाटलीभोवती मुंग्यांचा गराडा पडेल. पुसायचं नाही, मारायचं नाही. तेवढा एक दिवस जिवावर येतो, पण तीच खूण आहे की काम सुरू झालं. उन्हाळ्यात पाणी उडून मिश्रण कडक होतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताजं भरा. आठ-पंधरा दिवसांत रांग विरळ होते. फेरो मुंग्यांना त्याहून जास्त वेळ लागतो, धीर सोडू नका. गोडाकडे ढुंकूनही बघत नसतील तर गुळाच्या पाण्याचा थेंब आणि चिमूटभर शेंगदाण्याचं कूट शेजारी शेजारी ठेवून बघा. अळ्या वाढत असताना त्यांना तेलकट, कसदार लागतं. कुटाकडे गेल्या तर त्याच कमी प्रमाणात पावडर कूट आणि थेंबभर तेलात कालवून त्याच बंद बाटलीत ठेवा.

बाटली ठेवली नाही त्या जागी मात्र साबणाच्या पाण्याने पुसत राहा. रांग वासाच्या रेषेवर चालते, नुसत्या कोरड्या फडक्याने ती रेषा जात नाही. हळदीने रांग तुटते, पण थोड्या वेळात मुंग्या वळसा घालून येतात. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची आजीची रीत आजही बिनविषारी आणि खात्रीची आहे. फटी व्हाइट सिमेंटने बुजवायच्याच, पण मुंग्या गेल्यावर. आधी बुजवल्यात तर त्या दुसरीकडून वाट काढतील. स्विचबोर्डातून रांग येत असेल तर तिथे कुठलंही द्रव फवारू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अंगणातल्या मोठ्या मुंगळ्यांच्या मात्र मागे लागू नका. ते वाळवी, अळ्या खातात, बागेच्या उपयोगाचे आहेत.

पाळण्याचे किंवा पलंगाचे पाय जमिनीला टेकत असतील तर प्रत्येक पायाला खाली बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावा आणि चादर जमिनीला लागू देऊ नका. बाळाला लाल मुंगी चावली तर जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा. चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.