वाचक विचारतात: झुरळ चावतं का हो?

पाऊस सुरू झाला की आमच्या सदराच्या पेटीत ठरलेली पत्रं येतात, भिंतीला ओल, डाळीत पोरकिडे आणि झुरळं. यंदा झुरळांचीच इतकी आलीत की हा अख्खा अंक त्यांनाच देऊन टाकला. एकाच प्रश्नाची चार चार पत्रं होती, त्यातलं एकेक घेतलंय.

सर, माझी नात तीन वर्षांची आहे. परवा सकाळी उठली तर ओठाच्या कडेला लाल खरचटल्यासारखं आणि कोपराच्या घडीत दोन्ही बाजूंना लाल चट्टा, जळजळ होतेय म्हणून रडत होती. आमच्याकडे रात्री ओट्यावर झुरळं फिरतात हे खरंय. सून म्हणते झुरळच चावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. झुरळ खरंच चावतं का? — एक आजी, डोंबिवली

आजी, चावतं, पण क्वचित. त्याला नांगी नाही, विषही नाही, आहे ते कुरतडायचं तोंड. घरात झुरळं खूप झाली आणि खायला कमी पडलं तर झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं काहीबाही कुरतडतात, नखाच्या कडा, टाचेची जाड कातडी, पापण्यांचे केस, आणि लहान मुलांच्या ओठांना लागलेलं दूध किंवा वरणभात. जुन्या काळी लांबच्या प्रवासाच्या जहाजांवर झुरळं बेसुमार व्हायची आणि खलाशांची नखं, हातापायाचे घट्टे कुरतडल्याच्या तक्रारी तेव्हाच्या लिखाणात सापडतात. तर ओठाच्या कडेचं खरचटणं झुरळाचं असू शकतं, नात बाटली तोंडात धरून झोपत असेल तर जास्तच.

कोपराचं मात्र मला पटत नाही. घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच चट्टा आणि खाज कमी, जळजळ जास्त, हे पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या एका बारीक भुंग्याचं लक्षण आहे. नारिंगी-काळा पट्टेरी असतो, मोठ्या मुंगीसारखा दिसतो, लोक त्याला ॲसिड फ्लाय म्हणतात. तो चावत नाही, अंगावर चिरडला गेला की त्याच्यातला द्रव कातडी भाजतो, आणि चट्टा लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठतो म्हणून कशानं झालं ते कळतच नाही. हात दुमडला की तो द्रव दुसऱ्या बाजूलाही लागतो, झाले दोन चट्टे. असा किडा अंगावर बसला तर चापट न मारता फुंकर मारून उडवायचा आणि जागा साबणानं धुवायची.

तिसरा संशयित ढेकूण. एका रांगेत तीन-चार गांधी, प्रचंड खाज, चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके, असं असेल तर गादीची शिवण आणि पलंगाचे सांधे टॉर्च घेऊन बघा. माझ्याकडे येणाऱ्या ‘झुरळ चावलं’ पत्रांतली निम्मी तरी मला ढेकणांची वाटतात, पण ढेकूण म्हणायला लाज वाटते ना लोकांना.

आत्ता करायचं ते साधंय. साबण-पाण्यानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, खाजवू नये म्हणून नखं कापा. हळद-चुना वगैरे काही लावू नका, भाजलेल्या कातडीवर तर नकोच. पू झाला, लाली पसरत गेली, ताप आला किंवा चट्टा डोळ्याजवळ असला तर त्याच दिवशी डॉक्टर. इंजेक्शनचं म्हणाल तर नातीचे डोस वेळेवर झालेले असतील तर एवढ्याशा खरचटण्याला वेगळं सहसा लागत नाही, सुनेला सांगा लसीकरणाचं कार्ड घेऊन जा आणि डॉक्टरांनाच विचार. आणि झोपायच्या आधी तोंड-हात धुऊन, दुधाची बाटली पलंगावरून बाहेर.

सर हॉस्टेलला राहतो, रूममेटच्या कानात रात्री दोन वाजता झुरळ गेलं, आम्ही इअरबड घालून काढायचा प्रयत्न केला तर अजून आत गेलं, शेवटी कॅज्युअल्टीला नेलं. पुन्हा असं झालं तर आधी काय करायचं? — नागपूर

इअरबड, हेअरपिन, चिमटा यातलं काहीही घालायचं नाही, हे पहिलं. टॉर्चही नको, कारण झुरळ उजेडापासून लांब पळतं. तो कान वर येईल असं कुशीवर झोपवायचं आणि खोबरेल किंवा कुठलंही साधं तेल काही थेंब सोडायचं, गरम करून नाही. झुरळ मरतं आणि ती भयानक फडफड थांबते. मग सकाळी का होईना पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचंच, कारण त्याच्या पायांना काटे असतात आणि एखादा तुकडा आत राहिला तर कान पिकतो. फक्त आधीपासून कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर तेल अजिबात नाही, थेट हॉस्पिटल. आणि बेडखाली ठेवलेली ती फरसाणची पुडी आधी फेकून द्या रे.

आमचा फ्लॅट चार वर्षांचा, मॉड्युलर किचन. छोटी छोटी फिकट तपकिरी झुरळं, ट्रॉली उघडली की दहा पळतात. दोनदा पेस्ट कंट्रोल केलं, रोज रात्री स्प्रे मारते, सकाळी मेलेली झाडून काढते, पण आता ती हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि बेडरूममध्येही दिसायला लागलीत. मी इतकी स्वच्छता ठेवते तरी असं का? — कोथरूड, पुणे

ताई, तुमच्या स्वच्छतेत काही कमी नाहीये, स्प्रे बंद करा. हे एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं लिहितोय आणि दुकानातला लाल डबा काही खपायचा थांबत नाही.

तुमच्याकडे आहे ते जर्मन झुरळ, साधारण दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. नाव जर्मन पण मूळ आपल्याच बाजूचं निघालं. २०२४ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका आशियाई झुरळापासून ही जात वेगळी झाली आणि माणसाच्या घरात शिरली ती शिरलीच, पुढे व्यापाराच्या सामानाबरोबर जगभर गेली. आता ते रानात मिळतच नाही, फक्त माणसाच्या आसऱ्यानं राहतं. त्याच्या मादीची गंमत अशी की अंड्यांची कुपी ती कुठे टाकून देत नाही, पिल्लं बाहेर यायच्या वेळेपर्यंत शेपटाकडे धरून फिरते, एका कुपीत तीसेक ते चाळीस अंडी, आणि अशा मादीला स्प्रेचा वास आला की ती पळते. कुठे पळते? जिथे स्प्रे नाही तिथे, म्हणजे टीव्हीच्या मागे. तुमची झुरळं बेडरूममध्ये आली नाहीत, तुम्ही पाठवलीत.

दुसरं म्हणजे हे स्प्रे आणि तो झुरळं मारायचा खडू बहुतेक एकाच गटातलं, पायरेथ्रॉइड म्हणतात ते औषध असतं, आणि जर्मन झुरळं त्याला कधीच सरावलीत. जी सकाळी मेलेली दिसतात ती कच्ची, जी उरतात ती पक्की, आणि पुढची पिल्लं पक्क्यांची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं इमारतींमधल्या झुरळांवर काम केलं तेव्हा एका पिढीतच प्रतिकार चार-सहा पट वाढलेला दिसला, तोही न वापरलेल्या औषधांनासुद्धा. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी घर बंद करून सोडायचे ते धुराचे डबे तपासले, झुरळं जिथल्या तिथे आणि औषध मात्र ओट्यावर-जमिनीवर पसरलेलं.

मग करायचं काय, तर जेल, म्हणजे औषध घातलेलं आमिष. फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असं लिहिलेली सिरिंज मिळते. आधी घर झुरळांच्या नजरेनं बघा: ट्रॉलीच्या चॅनेलच्या मागची बाजू, बिजागऱ्या, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली, गॅस शेगडीखाली, वॉटर फिल्टरच्या मागे, सिंकखाली पाइप भिंतीत जातो ते भोक. काळी मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसतील तिथे त्यांचा मुक्काम. तिथे मसुरीच्या दाण्याएवढे थेंब, खूप ठिकाणी पण छोटे छोटे, एका जागी अख्खी सिरिंज पिळायची नाही. लहान मूल किंवा मांजर असेल तर हात-तोंड पोचणार नाही अशाच फटीत. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं, आणि बाकीची त्याची विष्ठा आणि मढं दोन्ही खातात, विशेषतः पिल्लं, त्यामुळे जी बाहेर येतच नाहीत तीही आत मरतात. किळसवाणं आहे, पण काम तेच करतं. आणि थेंबाच्या आसपास स्प्रे किंवा फिनाइल मारलं की झालं वाटोळं, वासानं ती जेलकडे फिरकत नाहीत.

दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. त्या वेळी कुपीत असलेली पिल्लं नंतर बाहेर येतात म्हणून महिन्याभरानं दुसरा हात मारायचा, इथेच लोक कंटाळतात आणि मग म्हणतात जेल चालत नाही. खरंच थेंब तसेच पडून असतील, कुणी खात नसेल, तर दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या औषधाचं घ्या. १९९३ मध्येच लक्षात आलं होतं की काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागायला लागलं, आमिषात ग्लुकोज असायचं आणि ते आवडणारी सगळी मेली, नावडणारी उरली.

स्वच्छता म्हणजे फरशी चकाचक नव्हे, रात्री पाणी तोडणं. जेवणाशिवाय ती बरेच दिवस काढतात, पाण्याशिवाय फार नाही. झोपायच्या आधी सिंक कोरडं पुसायचं, ओला फडका वाळत टाकायचा, खरकटी भांडी पाण्यात भिजत ठेवायची नाहीत, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे बघायचा, गळका नळ दुरुस्त करायचा. आणि ती ऑनलाइन मागवलेल्या सामानाची पुठ्ठ्याची खोकी, ‘लागतील कधीतरी’ म्हणून ओट्याखाली ठेवलेली, ती आजच रद्दीत द्या.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच असेल तर फोनवरच विचारा, जेल लावणार की नुसता फवारा, आणि परवाना आहे का. नुसता फवारा म्हणाला तर राहू दे. शेजारच्या फ्लॅटमध्येही असतील, पाइप आणि डक्ट एकच असतो ना, तर मजल्यावरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात जेल लावलं तर पैसे वसूल. शेजारी ऐकत नसतील तर निदान पाइपभोवतीची भोकं व्हाइट सिमेंटनं बुजवून टाका.

तमालपत्र, काकडीच्या साली, लवंगा, डांबरगोळ्या, बोरिक पावडर. आईनं यातलं सगळं केलंय. कशाचा उपयोग होतो? — कोल्हापूर

पहिले तीन घराला छान वास आणतात. डांबरगोळ्या काढून टाका, आत्ताच, विशेषतः तान्हं बाळ असेल आणि कपड्यांत त्या ठेवत असाल तर. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो आणि डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते.

बोरिकचा मात्र उपयोग होतो, हो. कॅरमवर टाकतो तीच पावडर, कणीक आणि साखरेत मळून गोळ्या करतात त्या आईच्या काळापासून चालत आल्यात आणि उगाच नाही आल्या. हळू मारते, आणि मुख्य म्हणजे झुरळं तिला फारशी सरावलेली नाहीत. पण गोळी पेढ्यासारखी दिसते आणि पोटात गेली तर मुलाला विषच, म्हणून मुलं असलेल्या घरात गोळ्या नकोत. भुकटी टाकायची तर ओट्यामागच्या फटीत अगदी विरळ, ढीग केला की झुरळ त्याला वळसा घालून जातं.

मुलाला दमा आहे, सात वर्षांचा. डॉक्टरांनी घरात झुरळं आहेत का असं विचारलं तर मला आश्चर्यच वाटलं, धूळ-धूर कळतं पण झुरळाचा काय संबंध? — ठाणे

डॉक्टर चांगले आहेत तुमचे. झुरळाची लाळ, विष्ठा, टाकलेली कात, मेलेल्याचा भुगा, हे सगळं धुळीत मिसळतं आणि त्यातल्या प्रथिनांची कित्येकांना ॲलर्जी असते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या गरीब वस्तीतल्या दमेकरी मुलांवर १९९७ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात झुरळाची ॲलर्जी असलेली आणि खोलीत झुरळांचा कचरा जास्त असलेली मुलं दम्यानं हॉस्पिटलात जास्त वेळा भरती झालेली होती. म्हणजे चावण्याची काळजी सगळे करतात आणि खरा त्रास हा.

तुमच्या घरी स्प्रे आणि धूर पूर्ण बंद, त्यानंच त्याला धाप लागेल. जेल लावा, कोथरूडच्या ताईंना लिहिलंय तसंच. आणि झुरळं मेल्यावर काम अर्धंच झालं, कारण मेलेल्याचा भुगा महिनोन्‌महिने तिथेच असतो. ट्रॉल्या बाहेर काढून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा, कोरडा झाडू नको, आणि हे करताना मुलाला आजीकडे पाठवा.

आमचं जुनं कौलारू घर, जून लागला की न्हाणीतून मोठी लालसर झुरळं वर येतात, उडतात पण. जेल लावलं, काही झालं नाही. आणि भिंतीवर एक काळी माशी दिसते, शेपटीचा तुकडा सतत वरखाली हलवते, ती चावते का? — मडगाव

ही वेगळी, चारेक सेंटिमीटरची, अमेरिकन म्हणतात पण आली आफ्रिकेतून. ती तुमच्या स्वयंपाकघरात राहत नाहीत, गटारात आणि चेंबरमध्ये राहतात, पावसाचं पाणी भरलं की वर येतात, म्हणून ओट्यावरच्या जेलचा त्यांच्याशी संबंधच येत नाही. न्हाणीच्या भोकाला बारीक जाळी बसवा, वापरात नसलेल्या संडास-बाथरूममध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओता म्हणजे ट्रॅपमधलं, पाइपाच्या वळणात साठलेलं, पाणी सुकून रस्ता मोकळा होणार नाही, चेंबरचं झाकण फुटलं असेल तर बदला, सरपण आणि नारळाच्या सोडणांचा ढीग भिंतीपासून लांब करा. चेंबरमध्ये औषध मारायचं तर माहितगाराकडून आणि पावसाच्या आधी, भर पावसात मारलेलं वाहून जातं, शिवाय विहीर जवळ असेल तर अजिबातच नको.

आणि ती माशी म्हणजे एक गांधीलमाशीची जात आहे, माणसाला काही करत नाही. मोठ्या झुरळांच्या कुप्या शोधून ती त्यात अंडं घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी खाऊन टाकते. ती दिसतेय म्हणजे जवळपास कुप्या आहेत, दाराच्या चौकटीमागे, माळ्यावर, जुन्या पेटाऱ्याखाली, लालसर काळ्या, राजम्याच्या छोट्या दाण्याएवढ्या चिकटवलेल्या असतात. सापडल्या की चिरडून टाका, एकेकीत चौदा-सोळा पिल्लं असतात.