गरी टाकण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव) आणि गावातल्या बोड्यांवरचेच (लहान तळ्यांवरचेच) आहेत, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडून जास्त आलेत म्हणून असेल. रॉड-रील कोणत्या कंपनीचं घ्यावं हे विचारणारे प्रश्न बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

प्रश्न : आमच्या तलावात रोहू-कटला भरपूर आहे म्हणतात. मी गांडूळ लावून तासन्‌तास बसतो, तर नुसती बारीक मासोळी आमिष कुरतडून जाते. रॉड घेऊ का? (साकोली)

उत्तर : भाऊ, रॉड राहू द्या, बांबूची काडी पुरते. आधी तुमचं आमिष किती खोल जातंय ते बघा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो, रोहू मधल्या थरात फिरतो आणि मृगळ तळाच्या चिखलात कुजलेलं शोधत असतो, म्हणून तर हे तिघं एकाच तलावात सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. तुमचं गांडूळ काठाजवळ उथळ पाण्यात पडत असणार, तिथे बारीक मासोळीच आधी पोचणार. आणि मोठा रोहू मुख्यतः शेवाळ, पाला असलंच खाणारा आहे, त्याला गांडुळाचं फार कौतुक नसतं. कणकेत भाजलेली शेंगदाण्याची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) आणि थोडा गूळ मळून घट्ट गोळी करा, पाण्यात लगेच विरघळली तर उपयोग नाही. दोरीला जड शिसं बांधून आधी खोली मोजा, मग मोरपिसाच्या काडीची तरंगी वरखाली सरकवत बघा, तळापासून सुरू करून हळूहळू वर या. जागा रोज बदलू नका, आदल्या संध्याकाळी तिथेच मूठभर ढेप टाकून ठेवा. गरी लहान घ्या, रोहूचं तोंड मऊ आणि छोटं असतं, तरंगी बुडाली की हिसका मारला तर ओठ फाटून मासा जातो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र कितीही बसा, पाणी गार झालं की हे मासे खाणंच कमी करतात, त्या दिवसांत ऊन वर आल्यावर दुपारचं बसलेलं बरं.

प्रश्न : तलाव आमच्या गावाचा, आमच्या आज्या-पणज्यांनी बांधलेला. तरी मच्छीमार संस्थेची माणसं गरी टाकू देत नाहीत. ही दादागिरी नाही का? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : तलाव पूर्वजांनी बांधले हे खरंय, आपल्याकडचे कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेत. पण 1950 नंतर मालगुजारी (जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत) गेली, तलाव सरकारकडे आले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात आणि मासेमारीचा ठेका संस्थेला दिला जातो, आपल्या भागात त्या बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या. आता यातली गोष्ट जी लोकांच्या ध्यानात येत नाही ती ही, की रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तलावात सहसा अंडी घालतच नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नदीचं पाणी लागतं. आधी नदीतून बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, गोळा करून आणायचे, त्यात नको ते मासेही यायचे. मग 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाच्या पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली, म्हणून तर 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून बीज हॅचरीत तयार व्हायला लागलं. म्हणजे तुमच्या तलावातला रोहू कोणीतरी पैसे देऊन बीज नाहीतर बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) आणून सोडलेला आहे, वर्षभर राखलेला आहे. तो न विचारता काढणं मला तरी पटत नाही, एकच काढला म्हणा नाहीतर दहा. पण याचा अर्थ गावाला काहीच हक्क नाही असाही नाही, निस्तारपत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत) तुमच्या तलावाबद्दल काय लिहिलंय ते तलाठ्याकडे जाऊन वाचा, भांडण त्यानंतर करा. बहुतेक ठिकाणी संस्थेच्या अध्यक्षांना आधी जाऊन विचारलं तर घरच्यापुरती गरी टाकायला कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, काही मेलेले दिसले. कोणी विष टाकलं असेल का? असे वर आलेले मासे पकडायला सोपे, नाही का? (अर्जुनी मोरगाव)

उत्तर : विषाचा संशय लगेच घेऊ नका. पाणी जास्त हिरवं असलं की दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं, रात्री तेच ऑक्सिजन घेतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि दोनतीन दिवस आभाळ असलं तर आणखीच. अशा वेळी आधी मोठे मासे मरतात आणि मरळ, मागूर मजेत असतात, कारण ते वर येऊन हवा घेतात. विष असलं तर वेळकाळ नसतो आणि बारीक मासोळी, मरळ कोणीच सुटत नाही. विष किंवा सुरुंग लावून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. वर आलेले मासे आमिषाला तोंड लावत नाहीत, गरी ठेवा आणि संस्थेला फोन करा, मोटर लावून तेच पाणी उंचावरून तलावात पाडलं तरी फरक पडतो. शेण आणि खत टाकणं काही दिवस बंद.

प्रश्न : काठाला लालसर पिल्लांचा थवा दिसतोय, खाली मोठी मरळ आहे. रबरी बेडूक (नकली आमिष) टाकू का? (पवनी)

उत्तर : नका टाकू. ती पिल्लं मरळीचीच आहेत, आईबाप राखण करतायत. बेडकावर ती भुकेने नाही, रागाने झडप घालेल, लागेल पण लगेच, आणि ती गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात. पिल्लं काळपट होऊन पांगली की मग बघा. आणि खरा बेडूक तर लावूच नका, मोठा बेडूक वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे.

प्रश्न : हातभर लांब, मिशावाला काळा मासा लागला, तीन किलोचा. मागूर असेल तर परत सोडू का? (तुमसर)

उत्तर : तीन किलोचा म्हणजे आपला देशी मागूर नव्हे, तो थाई मागूर म्हणतात तो, मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे कारण तलावातलं दुसरं काही शिल्लक ठेवत नाही. परत अजिबात सोडू नका, दुसऱ्या बोडीतही नेऊन टाकू नका, तो ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. तिथेच मारा आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा, एक आहे म्हणजे अजून असणार.